चढावर दम सोडणारी गाडी

गाडी दम सोडते हे बाबांनी तीन आठवडे घरात कोणाला सांगितलंच नाही. आम्हाला कळलं ते बुधवारी, शिंपीकाकांच्या फोनवरून.

"वहिनी, ड्रायव्हरसाहेब घरी पोचले का?" आईचे दोन्ही हात पिठात होते, म्हणून फोन मी स्पीकरवर धरला होता. "पोचले की आधी त्यांना बसवा. आज ट्रकखाली आम्हा दोघांचं माप निघालं होतं. कापड थोडक्यात वाचलं."

शिंपीकाका विनोद करायला लागले की समजायचं, प्रकरण साधं नाही. त्यांच्या किडन्या कामातून गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना हॉस्पिटलात चार चार तास मशीनला लावून ठेवतात. त्यांना न्यायचं-आणायचं काम बाबांचं. असे अजून पाच-सहा पेशंट आहेत. गाडी पेशंटची ने-आण करणाऱ्या कंपनीची. छोटी, पांढरी, बॅटरीवर चालणारी. बाबा तिला 'मुकी' म्हणतात. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला इंजिनाचा आवाज आल्याशिवाय गाडी चालू झाली असं वाटतच नाही.

महिन्यापूर्वी मशीनचा विभाग हायवेच्या पलीकडे नव्या इमारतीत गेला. आता पुलाचा चढ चढायचा आणि वर पोचता पोचता हायवेच्या धावत्या गर्दीत घुसायचं. तिथे रेस दाबून द्यावी लागते. आणि काका म्हणाले, नेमकी तिथेच गाडी ढिली पडते. आधी छान उचलते, आणि जोर लागायची वेळ आली की हातातला फुगा सुटल्यासारखी फुस्स. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग परत नीट. त्या दोन-तीन सेकंदांत मागून ट्रक आला होता.

बाबा आले, बूट काढले, खुर्चीत बसले. पाणी प्यायले नाहीत, ग्लास नुसता धरून बसले.

मी म्हटलं, "गाडीला काय झालंय?"

"थकलीये."

"दोन वर्षांची गाडी थकते?"

"मग मी थकलो असेन," ते म्हणाले आणि तसेच डोळे मिटून घेतले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्यांच्याकडे बघून गप्प बसले, कारण एक गोष्ट मला माहीत होती, जी आईलाही माहीत नव्हती. आदल्या रविवारी दुपारी मी पाणी प्यायला उठले, तेव्हा बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते. उजवा मोजा काढलेला, पाय मांडीवर, आणि हातात कर्कटक. माझ्या कंपासपेटीतला. दहावीत शाळा सोडली तेव्हापासून ती पेटी फळीवर धूळ खात पडलीये. डोळे मिटून ते कर्कटकाचं टोक तळव्याला टोचत होते. अंगठ्याखाली, मग मध्ये, मग टाचेला. आणि ओठ हलत होते. कळतंय, कळतंय, नाही कळत.

बाबांना शुगर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की पायाची संवेदना जाऊ शकते. म्हणजे गाडी दम सोडत नाही, आपला पाय रेसवरून उठतो आणि आपल्याला कळतही नाही, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी कंपनीचा लॅपटॉपवाला गाडी तपासून गेला. बाबांनी संध्याकाळी जेवताना सगळं तीन वाक्यांत सांगितलं. एक, लॅपटॉपमध्ये एकही कोड आला नाही. दोन, त्याने स्वतः चढावर चालवली, गाडी बाणासारखी गेली. तीन, तो म्हणाला, गाडी ओके आहे, दाबणारा पाय ओके आहे का बघा.

"असं म्हणाला? तोंडावर?" मी ताट सरकवलं. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"खोटं काय बोलला? त्याच्या पायाने चालते. माझ्या पायाने चालत नाही."

"पुढे काय?" आईने विचारलं.

"सोमवारी सकाळी मॅनेजर शेजारी बसणार. चढावर दम सोडला तर किल्ली टेबलावर. मग गेटवर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे." आणि मग, जरा थांबून, "अक्षर चांगलं आहे माझं."

शुक्रवारी त्यांनी चढ टाळला. जुन्या रस्त्याने, बाजारातून, चाळीस मिनिटांचा वळसा घालून काकांना नेलं. मशीनवरची वेळ उलटून गेली होती. काकांना तासभर बाकावर बसवून ठेवलं. परत येताना काका एक शब्द बोलले नाहीत, आणि बाबांना ट्रकपेक्षा ते जास्त लागलं.

रविवारी सकाळी मी त्यांना गाडीसकट आत्याच्या वर्कशॉपला घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे डोकं खाऊन नेलं.

आत्या बाबांची मोठी बहीण. आधी पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायची. तांब्याच्या तारा आणि वॉर्निश, अजून भिंतींना तोच वास आहे. आता बॅटरीच्या स्कूटर, रिक्षा, कधीमधी कार. गुडघे गेलेत, त्यामुळे वाकायचं, झोपायचं, आत शिरायचं असं सगळं काम माझ्याकडे. शाळा सोडली तेव्हा घरात सगळे रडले होते. ही एकटी म्हणाली, "उद्या नऊला ये." मला ती 'फ्यूज' म्हणते. लगेच उडते म्हणून.

"काय बाळ," एकोणसाठ वर्षांच्या माणसाला ती म्हणाली, "कुठे दुखतंय?"

"ताई, गाडी दाखवायला आणलीये."

"तेच विचारलं मी."

लॅपटॉपवाल्याने कोड बघितले आणि गेला. आत्या कोड शेवटी बघते. आधी हात लावते. बॅटरीकडून मोटरकडे जाणाऱ्या जाड केशरी तारा मी एकेक करून बघितल्या. आत्याने आधी मेन करंट तोडला, हातमोजे घातले, मलाही घालायला लावले, आणि तरी दर दोन मिनिटांनी ओरडत होती, "एक हात खिशात! दोन्ही लागले तर शॉक छातीतून जातो!" कुठे गंज नाही, जोड काळा पडलेला नाही. गार करायचं पाणी पुरेसं. पंप गुणगुणतो. छोटी बॅटरी, दिवे-हॉर्नवाली, तीही ठणठणीत. टायरची हवासुद्धा बघितली. दोन तास गेले. काही नाही.

मग तिने स्कॅनर लावला. तो लावला की गाडीच्या पोटातलं सगळं फोनवर दिसतं. ती चालवायला बसली, मी बाजूला, बाबा मागे. आत्या आजवर हळू चालवायला शिकलेलीच नाही. चढावर मुकी अशी उसळली की माझं डोकं मागे आपटलं.

दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीला तेच.

मागच्या सीटवरून आवाज आला, "बघ. म्हटलं नव्हतं?"

"काय म्हटलं नव्हतं!" मी वळले. "गाडी कधी कधी नखरे करते. दहा वेळा..."

"फ्यूज," आत्या म्हणाली, "पुढे बघ. बाळ, तू ये पुढे."

बाबा चालवायला बसले. आत्या शेजारी, फोन हातात. मी मागून दोघांच्या मधोमध डोकं घातलं. पुलाचा चढ लागला. बाबांनी रेस दिली. तीस, पस्तीस, चाळीस, आणि फुस्स. खरंच फुस्स. जणू कोणी मागून शर्ट धरून ओढलं.

"बघितलंस!" मी ओरडले. "बघितलंस ना? आता कोणी म्हणेल का पाय? आत्या, आकडा काय आहे? बॅटरी किती? मोटर तापली का? दाखव इकडे..."

आत्याने गाडी कडेला घ्यायला लावली. "उतर."

"मी? का?"

"तुझ्या तोंडाने मला आकडे दिसत नाहीयेत. उतर खाली, तिथे कठड्याला टेकून उभी राहा. आम्ही दोन फेऱ्या मारून येतो."

मी दार आपटलं. कंपनीची गाडी आहे हेही विसरले.

कठड्यापाशी उभी राहून मी मनातल्या मनात आत्याला जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. खालून मुकी वळून आली, माझ्यासमोरून गेली. मी तिच्या पाठीकडे रागाने बघत राहिले. अगदी रागाने, डोळे बारीक करून. आणि तिथेच दिसलं. चढाच्या मध्यावर, गाडी जिथे ढिली पडली तिथेच, मागचे लाल दिवे लागले. जेमतेम. पापणी लवते तेवढे. मग विझले आणि गाडी परत पळाली.

पुढच्या फेरीला मी रस्त्याच्या पार कडेला जाऊन थांबले. परत तेच. ढिली पडली, दिवे लागले. दिवे विझले, पळाली.

ब्रेकचे दिवे. चढावर. रेस देताना.

ते वळून आले तर मी रस्त्यात हात पसरून उभी. "ब्रेकचा स्विच!" मी खिडकीत तोंड घालून सांगितलं. "ब्रेक दाबला नसताना स्विच सांगतोय की दाबला. ब्रेक आणि रेस एकदम आले तर ही गाडी काय करते? रेस तोडते! बरोबर ना आत्या? म्हणून कोड नाही! गाडीला वाटतं आपण शहाण्यासारखं वागतोय!"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिने फोन बाबांसमोर धरला. "आणि हे बघ बाळ. तुझा पाय. रेस बहात्तर टक्के. ढिली पडली तेव्हाही बहात्तर. एक टक्का हलला नाहीस."

बाबांनी चष्मा वर करून तो आकडा बघितला. खूप वेळ बघितला. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

मला कुठला दम निघतोय. वर्कशॉपला पोचायच्या आत लॅपटॉपवाल्याला फोन लावला. त्याच्या मागे लहान मूल रडताना ऐकू येत होतं.

"अहो, कोड नाही म्हणे! ब्रेकचा स्विच मेलाय तुमच्या गाडीचा! आणि तुम्ही माणसाच्या पायावर शंका घेता? लाज नाही वाटत?"

"कोण बोलतंय?" त्याचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

"पायाची मुलगी!"

तो "बदलून बघा," म्हणाला. "झालं तर मला सांगा. मलाही बरं वाटेल." आणि मुलाला गप्प करायला गेला.

वर्कशॉपच्या मागे तशीच एक ठोकलेली गाडी पडून आहे. तिचा स्विच काढला. मग मुकीच्या स्टिअरिंगखाली डोकं आणि सीटवर पाय अशी उलटी झोपून मी तिचा स्विच काढला आणि हा लावला. तोंडावर धूळ, तोंडात टॉर्च. ब्रेकचं पेडल माझ्या नाकासमोर होतं. त्याच्या रबरचा डावा कोपरा घासून गुळगुळीत झाला होता, चकचकीत. बाकी रबर कोरं. दिसलं मला. पण तेव्हा डोक्यात स्विचच भरला होता, म्हणून ते तसंच सोडलं.

बाबांनी चहा मागितला. तीन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

नवा स्विच घेऊन आम्ही चढावर गेलो. मी आपणहून कठड्यापाशी उतरले. मुकी आली, समोरून गेली, चढाच्या मध्यावर लाल दिवे लागले.

फुस्स.

परत आली. परत गेली. परत दिवे.

मी कठड्यावर बसले. ऊन डोक्यावर आलं होतं, सकाळपासून आठ फेऱ्या झाल्या होत्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं की घरी जावं, झोपावं, आणि सोमवार कसा यायचा तसा येऊ दे. गाडी येऊन थांबली. बाबांनी काच खाली केली नाही. आतल्या आत ते काहीतरी बोलले. काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. बघ.

वर्कशॉपला परत आलो. आत्या म्हणाली, "कंपनीचा स्विच परत लाव. दुसऱ्याची वस्तू ठेवायची नाही." मी परत उलटी झोपले. परत धूळ, परत टॉर्च. आणि परत तो कोपरा.

आता डोक्यात काहीच नव्हतं. स्विच नव्हता, राग नव्हता, नुसता शीण. त्यामुळे तो कोपरा नीट दिसला. बाबा ब्रेक उजव्या पायाने मारतात. उजव्या पायाने उजवा कोपरा झिजेल, नाही तर मधला भाग. डावा कोपरा कोण झिजवतंय?

मी तशीच पडून राहिले. आत्याने चप्पलने माझी पोटरी ढोसली. "झोपलीस काय?"

"आत्या, चिकटपट्टी दे. काळी."

"कशाला?"

"फोन लावायचाय. खाली. पायांपाशी."

तिने पुढचं काही विचारलं नाही. माझा फोन टॉर्च आणि व्हिडिओ चालू करून खाली बाजूच्या पट्टीला चिकटवला. पेडलला लागणार नाही असा, तीनदा तपासून. बाबांना सांगितलं, अजून एकच फेरी.

"कशाला आता," ते म्हणाले. पण गेले.

परत आल्यावर आम्ही तिघं बाकावर बसलो. बाबा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. व्हिडिओ लावला. पाय दोन. उजवा रेसवर, घट्ट, मुंगी चिरडल्यासारखा. डावा मागे, सीटच्या जवळ, शांत. चढ लागला. उजवा अजून खाली गेला. मोटरचा तो बारीक सूर चढत गेला, चढत गेला. आणि एका जागी, बसचा गिअर बदलायची वेळ झाली असती ना, नेमक्या त्या जागी, डावा पाय उठला. कोणी हाक मारल्यासारखा. पुढे गेला, हवेत क्लच शोधला, सापडला नाही, आणि ब्रेकच्या डाव्या कोपऱ्यावर अलगद जाऊन टेकला.

दाबला नाही. नुसता टेकला. स्विचला तेवढं पुरतं.

"परत लाव," बाबा म्हणाले.

परत लावला.

"परत."

तिसऱ्यांदा बघून ते म्हणाले, "हा माझा पाय?"

"इतके मळके मोजे या घराण्यात दुसरं कोणी घालत नाही," आत्या म्हणाली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी आपल्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, एखाद्या ओळख नसलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. "मला कळलंसुद्धा नाही. मी शपथेवर सांगतो, मला..." मग थांबले. "म्हणजे तो लॅपटॉपवाला बरोबर होता."

"अजिबात नाही!" मी उठले. "तो त्या पायाबद्दल बोलला होता! रेसच्या! दाबणाऱ्या! दाबणारा पाय बहात्तर टक्के आहे, एक टक्का हललेला नाही!"

"फ्यूज, बस."

"पण तो..."

"अगं बस. बाळ रडत नाहीये, बघ."

बाबा उजवा पाय जमिनीवर दाबत होते. दाबत होते, सोडत होते, आणि ओठ हलत होते. कळतंय, कळतंय. चेहऱ्यावर असं काही होतं की मी बसले.

आता प्रश्न होता तो सोमवारचा. आत्या म्हणाली, सोपं आहे, डावा पाय मागे धरून बस. बाबा बसले. आम्ही गेलो. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा बाजूने ट्रक आला, बाबांचं लक्ष ट्रककडे गेलं आणि पाय निघाला फिरायला. तिसऱ्यांदा त्यांनी सगळं लक्ष पायावर ठेवलं, आणि पुढची गाडी दिसलीच नाही. आत्याने हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो.

"बांधून टाकू का सीटला?" ती म्हणाली. 

"पायाला क्लच पाहिजे," मी म्हटलं. रागानेच म्हटलं, उगाच. "नाही मिळाला की तो असाच शोधत बसणार."

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे.

"तर मग देऊ," ती म्हणाली.

फळीचा एक तुकडा, पायांच्या जागेत डाव्या बाजूला बसेल असा कापलेला. मुकीला एक भोक पाडायचं नाही, ती कंपनीची. फळी खालून दोन खाचांत अडकवायची, मॅट वरून. फळीवर बिजागरी, बिजागरीवर लोखंडी पट्टी, पट्टीखाली स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग. मी कापलं, आत्याने वेल्डिंग मारलं. दाबलं की खाली, सोडलं की वर. ब्रेकपासून चार बोटं लांब. कशाला जोडलेलं नाही, काही करत नाही. नुसतं आहे.

बाबांनी पाय ठेवून बघितला. "निसरडं आहे. रबर पाहिजे."

रबर घरी होतं. बाबा बसमधून निवृत्त झाले तेव्हा डेपोच्या मिस्त्र्यांनी त्यांच्या बसच्या क्लचचं जुनं रबर कागदात बांधून भेट दिलं होतं. चेष्टेत. बाबांच्या बुटाचा खळगा पडलेलं. दीड वर्षं ते आईच्या शिलाई मशीनच्या एका पायाखाली होतं, मशीन डुगडुगते म्हणून. आम्ही तिघं ते काढायला घरी गेलो तेव्हा आईला सगळं सांगावं लागलं.

आईने ऐकून घेतलं. मग सुई दातात धरून म्हणाली, "वन्सं, रोज रात्री माझ्या पोटरीवर क्लच दाबतात हे. एकवीस वर्षं. मला कोणी विचारलं असतं ना, तर मी बुधवारीच सांगितलं असतं."

कोणीच विचारलं नव्हतं, हे खरंच होतं.

"आणि मशीनखाली काय घालू?" तिने विचारलं. आत्याने वहीचा पुठ्ठा चौपदरी करून दिला.

संध्याकाळपर्यंत अजून सहा फेऱ्या. मी कठड्यावर बसून मोजत होते. सहाच्या सहा वेळा मुकी समोरून गेली, वर पोचली, गर्दीत मिसळली. लाल काही लागलं नाही. मी लॅपटॉपवाल्याला फोन केला आणि सांगितलं की स्विच नव्हता. "मग?" तो म्हणाला. मी सांगितलं.  "माझे वडीलही ट्रकवर होते," एवढंच म्हणाला.

सोमवारी मी मागच्या सीटवर बसले. मॅनेजर पुढे, मांडीवर फाईल. तोही थकलेलाच दिसत होता, डोळ्यांखाली काळं. त्याची नजर पहिल्यांदा खालीच गेली.

"हे तिसरं काय आहे?"

आत्याने पढवलं होतं. पाय टेकवायला फळी आहे म्हणून सांग, खोटं नाही ते. मी बाबांच्या मानेकडे बघत होते. सांगा, पाय टेकवायला.

"क्लच आहे," बाबा म्हणाले.

"या गाडीला क्लच नसतो."

"गाडीला नाही. मला आहे." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दिवे, कोपरा, व्हिडिओ, सगळं. मोजे मळके होते हेसुद्धा. मी सीटच्या फोममध्ये नखं रुतवून बसले होते. गेलं, असं वाटत होतं. गेलं सगळं.

मॅनेजरने वाकून ती पट्टी हाताने दाबली. वर आली. परत दाबली. फळी उचलून बघितली, खाली भोक नाही ना. ब्रेक दाबून बघितला, मध्ये काही येत नाही ना. मग सरळ बसला. "चला."

चढ आला. बाबांनी रेस दिली. मला मागून फक्त त्यांचा खांदा दिसत होता. सूर चढला, चढला, आणि डावा खांदा किंचित हलला. खालून स्प्रिंगचा बारीक आवाज आला, किर्र. मुकी ढिली पडली नाही. मागे ट्रक होता, तो मागेच राहिला. मॅनेजरने अजून दोन फेऱ्या मारायला लावल्या. किर्र. किर्र.

कंपनीच्या आवारात परतल्यावर त्याने बॉनेटवर फाईल ठेवून लिहिलं. मी मागून वाचलं. गाडीत दोष नाही. कारण, चालकाची जुनी सवय. उपाय केला आहे. दर महिन्याला तपासणी. चालक कामावर राहील.

"चालकाची सवय?" माझं तोंड उघडलंच. "म्हणजे दोष यांच्याच नावावर? अहो, या गाडीत पाय ठेवायला जागा..."

"गप बस गं," बाबा म्हणाले. रागाने नाही. त्यांनी पेन घेतलं, 'सवय' या शब्दावर एकदा बोट फिरवलं आणि खाली सही केली. अक्षर खरंच चांगलं आहे त्यांचं.

"एवढी घाई काय होती सही करायची?" मॅनेजर गेल्यावर मी म्हटलं.

"खरं आहे ते."

"खरं असलं म्हणून काय झालं?"

"सवय आहे," ते म्हणाले. "रोग नाही." शर्टाच्या खिशात हात घालून त्यांनी कर्कटक काढला आणि माझ्या हातात दिला. "पेटीत ठेव जागेवर. टोक जरा बोथट झालंय."

त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. कधीपासून, ते मी विचारलं नाही. 

"शिंपीकाका वाट बघत असतील," म्हणून ते बसले. दार लावलं, पट्टा लावला, डाव्या पायाने ते खोटं पेडल एकदा दाबून बघितलं. किर्र. मुकी आवाज न करता आवारातून निघाली. मी फाटकापाशी उभी राहून तिच्या पाठीकडे बघत राहिले. सरळ रस्त्याला काही लागलं नाही. चौकात काही लागलं नाही. पार टोकाला, कोपऱ्यावर, दोन्ही लाल दिवे लागले.

मी दोन पावलं रस्त्यावर धावले. मग आठवलं. तिथे गतिरोधक आहे. लागायलाच पाहिजेत.